माकडहाडाचं ऑपरेशन : करावं की नाही? (सांगली-मिरज-सातारकरांनो, अनुभव सांगा)

हळकुंड | ८ जानेवारी २०२२, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. अवघड जागेचं दुखणं आहे, म्हणून अडीच वर्षं घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नाही. आज धीर करून लिहितेय.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातलं आमचं घर खालून पूर्ण बुडालं होतं. पाणी ओसरल्यावर गाळ काढत होतो. जिना गाळानं बरबटलेला. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून पाय सटकला आणि थेट बुडावर आपटले. डोळ्यापुढं काजवे चमकले, पण घरात गुडघाभर चिखल असताना स्वतःचं दुखणं घेऊन कोण बसतं? (बसता येत नव्हतंच म्हणा.)

तेव्हापासून बसलं की दुखतं. त्याहून वाईट कळ उठताना येते, कुणी दाभण खुपसल्यासारखी. मी हळदीच्या पेढीवर हिशेब बघते, म्हणजे आठ-नऊ तास खुर्ची. गोळ्या, शेक, टबात गरम पाणी, तेल, भोक असलेली रबरी रिंग, सगळं करून झालं. एक्स-रे दोनदा काढला, दोन्ही वेळा "नॉर्मल". गेल्या आठवड्यात मिरजेच्या एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "माकडहाड काढून टाकू, तासाभराचं काम आहे."

हाड काढून टाकायचं? मग बसायचं कशावर? कुणी करून घेतलंय का? फरक पडला का?

---

भडंगप्रेमी | ८ जानेवारी, रात्री ९.५२

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य ही म्हण ऐकली होती. तुमचे जावई अजून लहान असतील, तोवर उरकून घ्या. :-)

हलके घ्या ताई. काळजी घ्या.

---

विश्रामबागकर | ८ जानेवारी, रात्री १०.१५

माझ्या धाकट्या भावाला हेच झालं होतं. ऐन माकडहाडावर गळू, त्यातून पू. क्षारसूत्र (आयुर्वेदातला औषधी दोरा) केलं, दीड महिन्यात खडखडीत बरा. ऑपरेशन कशाला करताय?

---

तासगावची द्राक्षं | ८ जानेवारी, रात्री १०.३१

बाळंतपणानंतर मलाही सात-आठ महिने होतं. खाली बसून भाकरी थापताना जीव जायचा. मग आपोआप गेलं. हळद-दूध घ्या रात्री.

---

हळकुंड | ८ जानेवारी, रात्री १०.४०

@तासगावची द्राक्षं, हळद-दूध! अहो, हंगामात माझ्या साडीला, डब्याला, पगाराच्या पाकिटालासुद्धा हळदीचा वास असतो. हळदीनं बरं व्हायचं असतं तर मी सांगलीतली सगळ्यात ठणठणीत बाई असते.

@विश्रामबागकर, गळू नाही, पू नाही. वरून काहीच दिसत नाही. म्हणूनच तर कुणाचा विश्वास बसत नाही.

---

अस्थिर अस्थी | ९ जानेवारी, सकाळी ७.०५

मी अस्थिरोगाचा डॉक्टर आहे. आपल्याला तपासलेलं नाही, त्यामुळे हे मोघम समजावं.

आधी विश्रामबागकरांच्या भावाबद्दल. तो आजार हाडाचा नव्हे, कातडीचा. केस आत रुतून नळी तयार होते, तिला पायलोनिडल सायनस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून धक्के खात फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांत तो इतका दिसला की त्याचं नावच 'जीप रोग' पडलं. जागा जवळपास एकच, पण दुखणं वेगळं आणि उपचारही वेगळे.

ताईंचं दुखणं म्हणजे कॉक्सिडायनिया. हे नाव १८५९ मध्ये एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी दिलं. बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारे तेच. बायकांत हे दुखणं पुरुषांच्या पाचपट आढळतं.

आता मुद्द्याचं. तुमचे दोन्ही एक्स-रे झोपवून काढले होते का? दुखतं बसल्यावर आणि फोटो आडवं करून काढायचा, म्हणजे चोर रात्री येतो आणि पहारा दुपारी! पॅरिसचे डॉ. मेन यांनी यावर बरंच काम केलंय. त्यांची पद्धत अशी : एक फोटो उभं राहून बाजूनं, दुसरा कडक स्टुलावर, जिथं कळ येते तसंच बसून. मग दोन्ही एकावर एक ठेवून बघायचं. बसल्यावर हाड २५ अंशांहून जास्त पुढं वाकतंय किंवा सांध्यातून मागं सरकतंय असं दिसलं, तर दुखण्याचं कारण हाती लागलं. ज्यांचं हाड असं अस्थिर असतं त्यांना ऑपरेशनचा फायदा जास्त होतो. हा फोटो न काढता कुणी सुरी उचलत असेल तर दुसरं मत घ्या.

आणि बसायचं कशावर? माणूस मुख्यतः दोन बाजूंच्या बैठकीच्या हाडांवर बसतो, माकडहाड हा मागचा तिसरा पाय. मात्र ते निरुपयोगीही नाही. ओटीपोटाचा तळ धरून ठेवणारे स्नायू आणि नितंबाच्या मोठ्या स्नायूचा काही भाग त्याला चिकटलेला असतो. म्हणून हाड काढल्यावर ते स्नायू पुन्हा नीट शिवून घ्यावे लागतात.

---

भडंगप्रेमी | ९ जानेवारी, सकाळी ८.२०

डॉक्टरसाहेब, एक शंका. याला माकडहाड का म्हणतात? माझ्या बायकोच्या मते माझ्या बाबतीत ते सहा फुटांचं आहे.

---

अस्थिर अस्थी | ९ जानेवारी, सकाळी ८.४५

शेपटीचा उरलेला तुकडा, म्हणून माकड. त्याचं वैद्यकीय नाव कॉक्सिक्स हा मात्र ग्रीक शब्द, त्याचा अर्थ कोकिळेच्या कुळातला पक्षी. बाजूनं पाहिलं की हाड त्याच्या चोचीसारखं दिसतं म्हणे. ग्रीकांना तिथं पक्षी दिसला आणि आपल्याला माकड. ज्याची त्याची दृष्टी. तीन ते पाच मणके असतात, बहुतेकांत चार.

---

बैलगाडा | ९ जानेवारी, सकाळी ११.१०

कशाला एवढी भानगड ओ ताई. आमच्या गावाकडं एक म्हातारा हाय, हाड बसवतो. तेल लावून एक झटका, दोन मिनटात माणूस उठून चालाय लागतं. लई लांबनं लोक येत्यात. कापायचं नाव काढू नका.

---

प्रीतिसंगम | ९ जानेवारी, दुपारी १२.०२

@बैलगाडा, आमच्या काकांचा खांदा असाच 'बसवला' होता. पुढं तीन महिने हात वर जात नव्हता. माकडहाडाला झटका म्हणजे काय ते तुम्हीच कल्पना करा, आणि तो कुठून देणार तेही.

---

बैलगाडा | ९ जानेवारी, दुपारी १२.३०

डॉक्टर फी घेतो, आमचा म्हातारा नारळ घेतो. एवढाच फरक.

---

अस्थिर अस्थी | ९ जानेवारी, दुपारी १.१५

नारळ घेऊन मोडलेल्या हाडाला झटका दिला तर फरक कळतो. हाड हाताने हलवण्याचा उपचार आमच्याकडेही आहे, पण तो भूल देऊन, फोटो बघून आणि सोबत इंजेक्शन देऊन करतात. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये १२० रुग्णांवर पाहिलं गेलं, तर नुसत्या इंजेक्शनने साधारण ६० टक्के आणि इंजेक्शनसोबत हाड हलवल्यावर सुमारे ८५ टक्के लोकांना आराम पडला. हाड काढायची वेळ पाचातल्या एकावर आली.

---

तंबोरा | ९ जानेवारी, सायंकाळी ६.४८

मी मिरजेची, फिजिओथेरपिस्ट. इथं पुरुष सदस्यही आहेत, पण स्पष्टच लिहिते, कारण लाजेपायी बायका वर्षानुवर्षं सहन करतात.

दुखणं नुसतं हाडाचं नसतं. कळ येते म्हणून आपण नकळत खालचे स्नायू आवळून धरतो आणि आवळल्यामुळे हाड आणखी ओढलं जातं. हे चक्र तोडायचं तर ते स्नायू सैल करायला शिकावं लागतं. हातमोजा घालून गुदमार्गातून बोटानं त्यांची मालीश करतात. १९३७ मध्ये थील नावाच्या डॉक्टरांनी ती मांडली, आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. ऐकायला कसंतरी वाटतं, पण योग्य माणसानं केली तर बऱ्याच जणींना उपयोग होतो. सोबत श्वासाचे व्यायाम. पोटाचे व्यायाम म्हणून जमिनीवर पाठीवर पडून पाय वर-खाली करणं मात्र आत्ता बंद.

ती रबरी रिंग आजच माळ्यावर टाका. मध्ये भोक असलं तरी मागच्या कडेवर हाड टेकतंच. मागून उघडी, इंग्रजी यू आकाराची उशी हवी. विकतची नको असेल तर गादीवाल्याकडून तीन इंच जाडीचा घट्ट फोम घ्या आणि मागच्या बाजूनं मधोमध खाच कापून घ्या. बसताना किंचित पुढं झुका. उठताना आधी पुढं वाका आणि मग उठा. पोट साफ ठेवा, इसबगोल घ्या. कुंथणं हे या दुखण्याचं खतपाणी आहे.

---

हळकुंड | ९ जानेवारी, रात्री ९.१०

तंबोराताई, अडीच वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. रिंग माळ्यावर गेली. (माळ्यावर जायची तिची दुसरी वेळ, पहिली पुरात.)

डॉक्टर, होय, दोन्ही एक्स-रे झोपवूनच.

---

सज्जनगड | १० जानेवारी, रात्री ११.३०

साताऱ्याहून. मी करून घेतलंय, २०१७ ला. लांबलचक लिहितोय, क्षमस्व.

यवतेश्वरच्या घाटात स्कूटर घसरली, बसलेल्या स्थितीतच रस्त्यावर आलो. दीड वर्ष सगळं केलं. पुण्याला जायचो तर एसटीत उभा. कंडक्टर म्हणायचा, "साहेब, मागं सीट रिकामी हाय की." काय सांगणार? म्हणायचो, "नवस आहे." शेवटी बसून काढलेल्या एक्स-रेत हाड सरळ मागं सरकताना दिसलं आणि पुण्यात ऑपरेशन केलं.

पालथं झोपवतात. नितंबांच्या फटीच्या वरच्या टोकाला मधोमध दोन-अडीच इंचाची चीर. ऑपरेशनच्या दिवशी फार दुखलं नाही. खरी कथा त्यानंतर सुरू होते. नवव्या दिवशी टाक्यांतून पाणी आलं. जंतू झाले होते. टाके उघडले आणि पाच आठवडे रोज ड्रेसिंग. माझी आई म्हणायची, याच्यापेक्षा आधीचं दुखणं सोन्यासारखं होतं. पहिले तीन महिने मलाही तेच वाटत होतं. बायकोला रोज म्हणायचो, आपण चूक केली.

चौथ्या महिन्यापासून उतार. वर्ष झालं तेव्हा लक्षात आलं की आपण जेवताना बसलोय आणि बसल्याचं लक्षातही आलं नाही. आज म्हणाल तर रुपयातले ऐंशी पैसे बरं आहे. खूप वेळ बाईक चालवली की हळूच आठवण येते. पण पुण्याहून येताना खंबाटकी घाट सीटवर बसून चढतो.

पुन्हा करशील का विचाराल तर होय. पण ऑपरेशननंतर पहिले सहा महिने काहीच ठरवू नका, एवढंच सांगेन.

---

तासगावची द्राक्षं | ११ जानेवारी, सकाळी ९.१२

नवस आहे!! हसून हसून माझंच माकडहाड दुखलं.

---

प्रीतिसंगम | ११ जानेवारी, दुपारी २.४०

सज्जनगड यांना बरं वाटलं याचा आनंद आहे, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्या बहिणीचं झालं आणि काडीचा फरक पडला नाही. जखम सुरेख भरली, दुखणं तसंच. वर्षभरानं एमआरआय केला तर कमरेतली चकती सरकलेली निघाली, आणि कळ तिथूनच खाली उतरत होती. हाड बिचारं निर्दोष असताना फासावर गेलं. आता ती दोन्ही दुखण्यांची चर्चा करते, एक असलेलं आणि एक नसलेलं.

---

अस्थिर अस्थी | ११ जानेवारी, रात्री ८.१०

प्रीतिसंगम यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा म्हणेन. म्हणूनच आधी इंजेक्शन. भुलीचं औषध आणि स्टेरॉइड नेमकं त्या सांध्यात दिलं आणि तास-दोन तास कळ गायब झाली, तर गुन्हेगार तोच. काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडे शोधायचं. माकडहाडाच्या पुढं मज्जातंतूंची एक गाठ असते, गँग्लिऑन इंपार. क्ष-किरणांखाली सुई नेऊन तिथंही इंजेक्शन देतात. काहींना महिनोन्‌महिने आराम मिळतो.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारण नसताना घटलेलं वजन, हाताला लागणारी गाठ, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यांपैकी काही असेल तर मात्र इंजेक्शन वगैरे नंतर, आधी एमआरआय. त्या जागी क्वचित हाडाची गाठही होते.

सज्जनगड यांना झालं तसं जंतू होणं हाच या ऑपरेशनचा मोठा धोका. गुदद्वार अगदी हाताच्या अंतरावर. जखम आणि संडास शेजारी-शेजारी नांदायचे म्हणजे भांडण होणारच. हल्ली आधी पोट साफ करून, योग्य अँटिबायोटिक देऊन, जखम हवाबंद चिकटवून ते प्रमाण कमी करता येतं, शून्यावर येत नाही. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात, तंबाखू-सिगारेट बंद.

---

विश्रामबागकर | १२ जानेवारी, सकाळी १०.००

अवांतर : हळकुंडताई, पुरात हरिपूरच्या पेवांचं (जमिनीखालच्या हळद साठवायच्या खड्ड्यांचं) काय झालं? माझे आजोबा सांगायचे, हळद पेवात घातली की वर्षानुवर्षं कीड लागत नाही.

---

हळकुंड | १२ जानेवारी, दुपारी १.२०

पेवं २००५ च्या पुरातच बरीच गेली होती. पाणी शिरलं की संपलं, आतली माती धरत नाही. जी होती त्यांचीही २०१९ ला वाट लागली. आता माल शीतगृहात. आमचे शेठ म्हणतात, पेवातल्या हळदीचा रंग शीतगृहात येत नाही. खरं-खोटं तेच जाणोत, पण म्हणताना डोळे मिटतात.

---

भडंगप्रेमी | १२ जानेवारी, दुपारी १.३५

माकडहाडावरून हरिपूरला पोचलो. आता कुणीतरी भडंगाची पाककृती टाका म्हणजे धाग्याचं सार्थक होईल.

---

हळकुंड | २१ जानेवारी, रात्री ९.२५

बसून एक्स-रे काढला! तंत्रज्ञ पोरगा चक्रावला. "मॅडम, बसून? बसून कोण काढतं?" म्हटलं, बाळा, जिथं दुखतं तिथं काढ. स्टूल सापडेना, शेवटी चहावाल्याचं लाकडी स्टूल आणलं. बसताक्षणी कळ आली. पहिल्यांदा ती आल्याचा आनंद झाला.

फोटोत हाड सरळ मागं सरकलेलं दिसतंय. उभं असताना जागेवर, बसलं की मागं. डॉक्टरांनी दाखवल्यावर मला रडूच आलं. अडीच वर्षं सासूबाईंपासून शेठपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की कामाचा कंटाळा.

आता इंजेक्शन घेतेय. हंगाम तोंडावर आहे, सौदे सुरू झाले की मे अखेरपर्यंत मान वर करता येत नाही.

---

सज्जनगड | २१ जानेवारी, रात्री १०.०२

त्या फोटोची एक प्रत सासूबाईंच्या खोलीत लावा.

---

हळकुंड | ४ जून २०२२, रात्री ८.५०

धागा वर काढतेय. इंजेक्शननंतर दोन तास काहीच दुखलं नाही. सुट्टी असल्यासारखे दोन तास! नंतर चार महिने बरे गेले. तंबोराताईंनी सांगितलेले व्यायाम, खाचेची उशी, सगळं चालू आहे. आता दुखणं पुन्हा पहिल्यासारखं. दुसरं इंजेक्शन परवा दिलं, त्यानं जेमतेम तीन आठवडे जातील असं डॉक्टर म्हणतात.

ऑपरेशन ठरवतेय, पण जुलै-ऑगस्टात नाही. कृष्णेला पाणी चढलं आणि मी पालथी पडलेली असले तर मला उचलून नेणार कोण? ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका, आणि माझं १५ दिवस बसायचं नाही. दिवाळी झाली की बघू.

---

बैलगाडा | ४ जून, रात्री ९.१५

ताई, पुरात बैलगाडी पाठवतो. पालथंच न्यायचं तर गवत टाकून नेऊ. म्हाताऱ्याचं नाव परत काढत न्हाई.

---

तंबोरा | ५ जून, सकाळी ७.३०

ऑपरेशन ठरलं तरी व्यायाम सोडू नका. नंतरही तेच स्नायू लागणार आहेत. आणि घरात हिशेबाचं टेबल उंच करून घ्या, उभ्यानं काम करता येईल असं. आत्तापासून सवय.

---

हळकुंड | १९ जानेवारी २०२३, सायंकाळी ७.१५

नोव्हेंबरात झालं एकदाचं. पूर्ण हाड काढलं. नऊ आठवडे होत आले.

सज्जनगड यांनी लिहिलं होतं म्हणून वेडी झाले नाही. सहाव्या आठवड्यात भिंतीला टेकून उभी राहून रडले होते. जंतू झाले नाहीत, पण खालच्या टोकाचे दोन टाके सैल झाले, ते भरायला महिना लागला. संडासनंतर दर वेळी कोमट पाण्यानं धुवायचं, पुढून मागे, मग पंख्याखाली कोरडं करायचं. नवरा हातात टेबल फॅन घेऊन उभा. लग्नाला १९ वर्षं झाली, एवढी सेवा पहिल्यांदा पाहिली.

जुनी कळ, ती दाभणाची, गेली आहे असं वाटतंय. ओढ आहे, जखमेचा ठणका आहे. वेगळाच आहे तो.

---

प्रीतिसंगम | १९ जानेवारी, रात्री ८.४०

'वेगळाच आहे' हे ऐकून बरं वाटलं. बहिणीला नेमकं तेच कधी म्हणता आलं नाही. सावकाश बरं व्हा.

---

हळकुंड | ८ जुलै २०२३, रात्री १०.५०

आठवा महिना. आज भावे नाट्यगृहात तीन अंकी नाटक पाहिलं. पहिला अंक उशीवर, दुसरा उशीशिवाय, तिसरा पुन्हा उशीवर. शेजारचे गृहस्थ शेवटी म्हणाले, "नाटक आवडलं नाही वाटतं, सारखी चुळबुळ चालली होती." म्हटलं, आवडलं, फार आवडलं.

उठताना दाभण नाही. तासाभरानं बोथट दुखतं, पण उठलं की जातं. हंगामात अर्धा दिवस उभ्यानं, अर्धा दिवस बसून काम केलं. शेठनी न मागता टेबल उंच करून दिलं, हे इथं नोंदवून ठेवते.

---

भडंगप्रेमी | ८ जुलै, रात्री ११.०५

तुम्ही बसलात, आम्ही उभे राहून टाळ्या वाजवतो.

---

विटेकर | २ सप्टेंबर २०२३, सकाळी ६.५८

नवीन सदस्य. सगळा धागा वाचला. मला तीन महिन्यांपासून हेच आहे, बाकीचं नंतर बघतो. फोमची उशी कोणत्या जाडीची म्हणालात, तीन इंच की चार? आणि गादीवाला खाच कापून देतो का, की घरी ब्लेडनं कापायची?